पूर्वीपासून म्हणजे केव्हापासून?

नगर सोडून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात शाह डोंगरावर एक अष्टकोनी दगडी इमारत दिसू लागते. आसपास वस्ती नाही, नुसता वारा. कुणालाही विचारा, नाव एकच ऐकू येईल : चांदबिबीचा महाल. शाळांच्या सहली तिथं जातात, लग्नाआधीचे फोटो तिथं काढले जातात. आता खरी गोष्ट अशी, की तो महाल नव्हे आणि चांदबिबीचा तर नव्हेच. ती कबर आहे. मुर्तजा निजामशहाचा कर्तबगार वजीर सलाबतखान याची. नगरच्या इतिहासावरची पुस्तकं ही चूक इमानेइतबारे दुरुस्त करतात आणि पुस्तक मिटलं की लोक पुन्हा चांदबिबीच्या महालाकडे निघतात. मीसुद्धा पाहुण्यांना ‘चला, चांदबिबीचा महाल दाखवतो’ असंच म्हणतो. सलाबतखानाची कबर दाखवतो म्हटलं तर गाडीत कोण बसेल?

बरीच वर्षं मला ही साधी चूक वाटायची. पुढं एकदा विचार आला, की शहरानं ही इमारत तिलाच का दिली असेल? १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद नगरच्या भुईकोट किल्ल्याला वेढा घालून बसला. सुरुंगानं तट फुटला तेव्हा विजापूरच्या अली आदिलशहाची ही विधवा, नगरची माहेरवाशीण, स्वतः खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तट बांधून घेतला. वऱ्हाडावर पाणी सोडून तिनं तह केला, शहर वाचलं. काही वर्षांत मोगल पुन्हा आले. या वेळी बोलणी करावीत असं तिचं मत पडलं. बाई फितूर झाली अशी हूल उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. साल १६००. ज्यांच्यासाठी लढली त्यांच्याच हातून मेली, ही गोष्ट गावाला कुठं तरी सलत राहिली असावी, असा माझा तर्क आहे. मग गावानं तिला सगळ्यांत उंचावरची, दहा कोसांतून दिसणारी इमारत देऊन टाकली. म्हणजे ‘चांदबिबीचा महाल’ हे नाव सोळाव्या शतकाबद्दल फारसं काही सांगत नसेल, पण नंतरच्या नगरकरांबद्दल पुष्कळ सांगतं. दगड एका काळाचे, नाव दुसऱ्या काळाचं. या दोन तारखा वेगळ्या ठेवता आल्या की भांडण बरंच कमी होतं. त्या एक केल्या की मात्र सलाबतखान तरी खोटा ठरतो, नाही तर आपले आजोबा.

या पुस्तकातले लेख गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या जिल्ह्यात पेटलेल्या वादांबद्दल आहेत. शहराचं नाव, शिंगणापूरचा चौथरा, शिर्डीचे साईबाबा, श्रीगोंद्याचे शेख महंमद, मढीची यात्रा. या प्रत्येक वादाच्या मागं लागून मी गावागावांत हिंडलो, बैठका ऐकल्या, चहा प्यालो. दोन्ही बाजूंचे लोक ठामपणे एकच वाक्य बोलतात, ते म्हणजे, ‘हे पूर्वीपासूनच असं आहे.’ मी तेवढ्यावर एकच प्रश्न विचारत गेलो, आणि तोच या प्रस्तावनेला मथळा म्हणून दिला आहे. प्रश्न साधा आहे, पण ऐकणाऱ्याला तो उर्मट वाटतो, हेही अनुभवानं कळलं. ‘पूर्वीपासून म्हणजे पूर्वीपासून,’ एक पाटील मला म्हणाले, ‘तुम्ही काय वारसाची नोंद लावायला आलात का?’ एका अर्थी तेच करायला आलो होतो.

सगळ्यांत गाजलेल्या वादापासून सुरुवात करू. २०२३ च्या ३१ मे रोजी चौंडीत मुख्यमंत्र्यांनी जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा केली, २०२४ मध्ये ‘अहिल्यानगर’ सरकारदरबारी पक्कं झालं. अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. ३१ मे १७२५ चा जन्म. दुसऱ्या बाजूला २८ मे हा शहराचा स्थापना दिन मानतात. १४९० साली त्या दिवशी मलिक अहमदनं भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि चार वर्षांनी तिथंच शहर वसवायला घेतलं. म्हणजे दोन्ही नावांचे वाढदिवस एकाच आठवड्यात, तीन दिवसांच्या अंतरानं येतात. जिल्ह्याला मे महिन्याचा शेवट तसाही तापदायकच असतो.

गंमत अशी, की या दोन्ही नावांशी नगरी माणसाच्या जिभेचं फारसं देणंघेणं नाही. तो ‘नगर’ म्हणतो. ‘नगरला चाललो’, ‘नगरची बाजारपेठ’, ‘नगरी हिसका’. अहमदही नाही आणि अहिल्याही नाही, नुसतं नगर, जणू जगात दुसरं नगरच नाही. माझ्या घरातल्या जुन्या पोस्टकार्डांवर पत्त्यातही बहुतेक वेळा तेवढंच आहे.

पण म्हणून नामांतराचा वाद पोकळ, असं मला म्हणायचं नाही. या मागणीमागं धनगर समाजाची आपल्या थोर बाईचं नाव सार्वजनिक नकाशावर पाहण्याची इच्छा होती. ती खरी होती. सोलापूरच्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव दिलं गेलं तेव्हाही तीच होती. मेंढरांमागं फिरणाऱ्यांच्या नावानं या राज्यात किती गावं, किती चौक आहेत, ते मोजून पाहावं. ही विसाव्या-एकविसाव्या शतकाची न्याय्य मागणी आहे आणि ती त्याच शतकाच्या भाषेत मांडली असती तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. तिला अंगरखा चढवला गेला तो सोळाव्या शतकाच्या सूडाचा, आणि मग अहिल्याबाईंना ज्यांच्याशी त्यांचं कधी भांडण झालं नाही अशा निजामशहांविरुद्ध उभं करण्यात आलं. त्यांच्या जन्माच्या वेळी निजामशाही बुडून जवळजवळ नव्वद वर्षं झाली होती.

तो मलिक अहमद तरी कोण? नगरमध्येच वाढलेला आणि पुढं विजापूरला गेलेला इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की अहमदचा बाप मलिक हसन हा मूळचा तिमाभट, विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती लागलेला ब्राह्मणाचा मुलगा. त्याच्या बापाचं नाव भैरव, दरबारी उच्चारात त्याचं झालं ‘बहिरी’. घराण्याचं मूळ गाव परभणीकडचं पाथरी, तिथलं कुलकर्णीपण त्यांच्याकडं होतं. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा यानं हे पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडं मागितलं, बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला, नकार आला तेव्हा लढून घेतलं आणि आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिलं. असं फिरिश्ता म्हणतो. ही वंशकथा खरी की राजघराण्यानं रचलेली, यावर जाणकार वाद घालतील, घालू देत. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. शिया पंथ स्वीकारलेल्या दरबाराला आपले पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते हे सांगायला लाज वाटत नव्हती, त्यासाठी लढाई करायचीही तयारी होती.

हेच पाथरी पाच शतकांनी नगर जिल्ह्याच्या दारात पुन्हा उभं राहिलं. २०२० च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांनी पाथरीला साईबाबांचं जन्मस्थान म्हणून शंभर कोटींचा निधी जाहीर केला आणि शिर्डीकरांनी गाव बंद ठेवलं. बाबांनी आपली जात, धर्म, गाव कधी सांगितलं नाही, ते ठरवणारे तुम्ही कोण, असं शिर्डीचं म्हणणं. त्यात व्यापाराची भीती होतीच, नाही कशी? पण म्हणणं चुकीचं नव्हतं. एक नगरी राजा पाथरी आपलीच म्हणून फौज घेऊन गेला आणि दुसऱ्या खेपेला नगर जिल्ह्यानं पाथरी नको म्हणून दुकानं बंद केली. मूळ गाव केव्हा अभिमानाचं असतं आणि केव्हा अडचणीचं, हे मूळ गावावर अवलंबून नसतं, एवढं यातून नक्की दिसतं.

शिर्डीत मला आणखी थोडं रेंगाळायचं आहे, कारण ‘केव्हापासून’ या प्रश्नाला इथं चक्क उत्तर मिळतं. तिथला मोठा उत्सव रामनवमीचा. कुणी म्हणतो तो पूर्वीपासून हिंदूंचा, कुणी म्हणतो पूर्वीपासून उरूस. दाभोलकरांच्या साईसच्चरितात या उत्सवाची सगळी कुळकथा आहे. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना उशिरा मुलगा झाला, त्या आनंदात त्यांनी १८९७ साली बाबांच्या नावानं उरूस भरवायचं ठरवलं. सरकारी परवानगी मिळवण्यात खटपट करावी लागली. दिवस निवडला रामनवमीचा. निशाणं दोन. एक नगरच्या दामूअण्णा कासारांनी दिलं, दुसरं निमोणच्या नानासाहेब निमोणकरांनी. कोऱ्हाळ्याचे अमीर शक्कर यांनी संदलची मिरवणूक सुरू केली. पंधरा वर्षं असंच चाललं. मग १९१२ मध्ये कीर्तनकार भीष्मांच्या मनात आलं की उरूस रामनवमीलाच आहे तर रामजन्मही करू, आणि काका महाजनींच्या मदतीनं मशिदीत पाळणा टांगला गेला. संदल बंद झाला नाही. एकाच दिवशी निशाणं, संदल, पाळणा, कुस्त्या.

आता यातलं ‘मूळ’ कोणतं? कोपरगावच्या एका सरकारी नोकराचा पुत्रानंद, असं उत्तर दिलं तर दोन्ही पक्ष नाराज होतील. २०१४ मध्ये एका शंकराचार्यांनी साईबाबांची पूजा करू नये असा फतवा काढला तेव्हा वाहिन्यांवर बाबा हिंदू की मुसलमान यावर महिनाभर खल चालला. दोन्हीकडच्या वक्त्यांपैकी कुणीही गोपाळराव गुंडांचं नाव घेतल्याचं मी ऐकलं नाही. परंपरेला चेहरा असतो, नाव असतं, कधी कधी परवानगीचा अर्जही असतो. तो चेहरा पुसल्याशिवाय तिला ‘सनातन’ म्हणता येत नाही.

श्रीगोंद्याला आलं की गोष्ट अधिक नाजूक होते. या गावाचं जुन्या कागदांतलं नाव चांभारगोंदे. १८८४ चं गॅझेटियर सांगतं की गोविंद नावाच्या एका भाविक चांभारावरून ते पडलं. पुढं चांभार गेला आणि श्री आला. हेही नामांतरच. त्याची खंत करणारा आज एकही पक्ष नाही, आणि ‘मूळ नाव परत द्या’ अशी मागणी निघालीच तर ती कोणाच्या सोयीची नसेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

याच चांभारगोंद्यात शेख महंमद राहिले. जन्मानं मुसलमान, गुरू चांद बोधले, ग्रंथ ‘योगसंग्राम’, वारकऱ्यांच्या संतमालिकेत मानाचं स्थान. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी त्यांना मठ बांधून दिला. त्याच मालोजींच्या घरी मूल होत नव्हतं म्हणून नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, अशी कथा बखरकार सांगतात. दर्गा नगरमध्ये आहे. महाराष्ट्रात छत्रपतींच्या वडिलांचं नाव रोज हजार वेळा उच्चारलं जातं, पण ते एका नगरी पिराच्या नावावरून आलं, हे ऐकून माणसं एकमेकांकडे बघतात. हे दोन भाऊ १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीला मलिक अंबरच्या बाजूनं मोगल आणि आदिलशाही फौजांशी लढले. अंबरनं तलाव फोडून शत्रूचा तळ चिखलात घातला आणि मग झडप घातली. शरीफजी तिथं पडले. एका हबशी वजिराच्या झेंड्याखाली, निजामशाहीसाठी, मोगलांशी लढताना. आजच्या कुठल्याही फलकावर हे चार शब्द एका ओळीत बसत नाहीत.

२०२५ मध्ये श्रीगोंद्यात शेख महंमदांच्या स्थानावरून बंद झाला, मोर्चे निघाले. मंदिर की दर्गा, देवस्थानाची नोंद की वक्फची नोंद? गावातल्या जुन्या माणसांना विचारलं तर ती ‘बाबांचं देऊळ’ म्हणतात, आत समाधी आहे म्हणतात, आणि पुढं बोलायला कचरतात. नोंदवहीत दोन रकाने आहेत, माणूस मात्र दोन्ही रकान्यांच्या रेषेवर उभा आहे. तो आपण कोण हे लपवत नव्हता. आपल्या जन्माबद्दल आणि भक्तीबद्दल त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे, त्यात गोंधळ नाही. गोंधळ रकान्यांचा आहे, आणि रकाने इंग्रजी अमलात आखले गेले. जनगणना, धर्मादाय नोंदणी, वक्फ, या सगळ्यांची एक अट असते : एका नावापुढं एकच बरोबरची खूण.

रकान्यांच्या आधीचं जग कसं होतं ते मढीला दिसतं. पाथर्डी तालुक्यातली ही टेकडी कानिफनाथांची. होळीपासून पाडव्यापर्यंत यात्रा. पूर्वी गाढवांचा मोठा बाजार भरे, भटक्या जमाती देशभरातून जमत. १८८४ च्या गॅझेटियरात या ठिकाणाचं नाव एका दमात दोन प्रकारे दिलं आहे : शाह रमजान माही सवार, म्हणजेच कान्होबा. २०२५ च्या यात्रेआधी ग्रामसभेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव झाला, यात्रेच्या रूढी ते पाळत नाहीत हे कारण. वाद झाला, चौकशी झाली. ‘पूर्वीपासूनच्या’ रूढींसाठी केलेला हा ठराव स्वतः पूर्वी कधी झाला नव्हता, हे त्या गडबडीत फार थोड्यांच्या लक्षात आलं.

इथवर वाचून एखाद्या वाचकाला वाटेल, चला, लेखक आपल्या बाजूचा आहे. पूर्वी सगळे गुण्यागोविंदानं नांदत होते, मग राजकारणी आले आणि त्यांनी बिघडवलं. हे दुसऱ्या टोकाचं ‘पूर्वीपासून’ आहे आणि तेही माझ्या प्रश्नापुढं टिकत नाही. मढीच्याच यात्रेत भटक्यांच्या जातपंचायती बसत. तिथल्या निवाड्यांत किती बायांची अब्रू गेली, किती घरं वाळीत पडली, दंडाच्या रकमेपायी किती जण कर्जात बुडाले, हे ज्यांनी सोसलं त्यांना विचारावं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये झाला तो अशाच ठिकाणांसाठी. एकाच टेकडीवर दोन धर्म एका देवाला हात जोडत होते आणि त्याच टेकडीच्या पायथ्याशी माणसाला माणसातून उठवलं जात होतं. दोन्ही पूर्वीपासूनच.

निजामशाहीचंही तेच. बुऱ्हाण निजामशहानं शाह ताहिरच्या प्रभावाखाली शिया पंथ राजधर्म केला तेव्हा राजधानीतच बंड झालं, मुसलमान मुसलमानांवर उठले. आज त्याच काळातल्या बारा इमाम कोठल्याच्या मोहरमच्या सवारीपुढं नगरचे हिंदू नवस फेडायला येतात, ही सुंदर गोष्ट आहे. पण तिच्या पायाखाली एक रक्ताळलेला कलह आहे, तो विसरून चालत नाही. आणि ज्यांनी २०२३ मध्ये शहरातल्या एका संदलच्या मिरवणुकीत औरंगजेबाचं चित्र नाचवलं, त्या पोरांना कुणी तरी सांगायला हवं होतं, की या शहराची सल्तनत गिळली ती मोगलांनी, चांदबिबी लढली ती मोगलांशी, मलिक अंबरचं आयुष्य गेलं ते मोगलांना थोपवण्यात. औरंगजेब नगरला आला तो जिंकलेल्या मुलखाचा धनी म्हणून, आणि १७०७ मध्ये भिंगारला मेला तो दमून. नगरच्या मुसलमानानं त्याला आपला पूर्वज मानावं आणि नगरच्या हिंदूनं निजामशहाला औरंगजेबाचा भाऊ समजावं, ही एकाच अज्ञानाची दोन तोंडं आहेत.

शनिशिंगणापुरात माझा प्रश्नच तोकडा पडला. ते कबूल करायला हवं. चौथऱ्यावर बाईनं चढायचं नाही, ही चारशे वर्षांची परंपरा, असं सांगितलं जात होतं. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास त्याविरुद्ध आंदोलन केलं, प्रकरण कोर्टात गेलं. २०१५ च्या नोव्हेंबरात एक तरुणी चौथऱ्यावर गेली आणि गावानं दुधानं चौथरा धुतला. २६ जानेवारी २०१६ ला निघालेल्या महिलांना सुप्यालाच अडवलं. एप्रिलच्या आरंभी उच्च न्यायालयानं सांगितलं, की जिथं पुरुष जाऊ शकतो तिथं बाईला अडवता येणार नाही, १९५६ चा कायदाच तसा आहे. पुढं ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, कावडीनं गंगेचं पाणी आणलेले पुरुष, आता त्यांच्यावरही घातलेली बंदी मोडून, चौथऱ्यावर चढले आणि विश्वस्तांनी संध्याकाळपर्यंत चौथरा सगळ्यांना खुला केला.

इथं ‘केव्हापासून’ विचारून काय मिळणार? समजा, चारशे वर्षांचा पुरावा सापडला, ताम्रपटच सापडला, तरी बाईचा हक्क तसूभर कमी होणार नव्हता. आणि बंदी कालपरवाची निघाली असती म्हणून तो वाढलाही नसता. रूढीचं वय काढणं हे इतिहासाचं काम. ती ठेवायची की टाकायची हे आपलं, आजच्या माणसांचं. ही जबाबदारी इतिहासावर ढकलण्याची सवय दोन्ही बाजूंना आहे. पुरोगाम्यांनाही. वेदकाळी स्त्रिया ऋचा रचत होत्या, म्हणून त्यांना आज हक्क द्या, असं म्हणणाऱ्याला मी नेहमी विचारतो, रचत नसत्या तर?

ही जबाबदारी स्वतः उचलण्याचं सरळ उदाहरण याच जिल्ह्यानं घालून दिलेलं आहे. अमेरिकन मिशन १८३१ पासून नगरला आहे. सिंथिया फरार बाईंच्या शाळेत सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये इथंच निघाला. धर्मांतराच्या आजच्या वादात मिशन म्हणजे फक्त कारस्थान किंवा फक्त उपकार, असे दोनच पर्याय ठेवले जातात. रेव्हरंड टिळकांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याच्या धर्मांतरानं आपल्या संसाराची झालेली चिंधी आणि पुढं स्वतःच्या मनानं केलेला प्रवास, दोन्ही हसत-रडत लिहून ठेवलं. त्यांनी कुठंही ‘हे पूर्वीपासून’ म्हटलं नाही. आपण काय केलं, का केलं, एवढंच सांगितलं. वादात उतरणाऱ्या प्रत्येकानं आधी ते पुस्तक वाचावं, असा माझा हट्ट आहे.

मी इतिहासाकडं निर्विकार डोळ्यांनी बघतो, असा माझा दावा नाही. कुणीच बघत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद भुईकोट किल्ल्यात कोंडले गेले. मौलाना आझादांनी तिथं ‘गुबारे खातिर’मधली पत्रं लिहिली, नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’. नेहरू बागेसाठी जमीन खणू लागले तेव्हा जुन्या भिंतींचे आणि कमानींचे अवशेष लागले, त्यांना चांदबिबी आठवली. अधिकाऱ्यांना खणणं पसंत नव्हतं. मग नेहरूंनी कुदळ ठेवली आणि लेखणी घेतली. त्या पुस्तकातला भारत इतका समावेशक का आहे? कारण बाहेर फाळणीची भाषा सुरू झाली होती आणि लिहिणारा तुरुंगात होता. ते पुस्तक भूतकाळाबद्दल जेवढं आहे तेवढंच १९४४ बद्दल आहे. माझंही या दशकाबद्दल आहे. वाचकानं माझ्यावरही हाच संशय धरावा.

लेखांचा क्रम काळानुसार नाही, भांडणांच्या तापमानानुसार आहे. नेवासं मुद्दाम शेवटी ठेवलं. तिथल्या पैस खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये गीता मराठीत सांगितली, आणि आज मराठीच्या नावानं जे रणकंदन चालतं त्यात त्या खांबाला सगळेच पक्ष हार घालतात. त्यावर स्वतंत्र लेख आहे, इथं बोलत नाही. दायमाबाद आणि जोर्वे यांवरचा लेख छोटा आहे. ‘मूळचे कोण’ या प्रश्नाची हौस असणाऱ्यांनी तो आधी वाचावा, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांमागच्या माणसांचे रांजण, तांब्याच्या कुऱ्हाडी आणि घराच्या जमिनीखाली पुरलेली मुलं त्यांच्या वाट्याला येतील. त्या माणसांची ना भाषा कळते, ना देव, ना जात.

राहता राहिली एक विनंती. ‘केव्हापासून’ या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नाही, ते तुमच्या माळ्यावर आहे. यात्रेच्या जुन्या पावत्या, देवस्थानाच्या जमाखर्चाच्या वह्या, मानपानाच्या भांडणातले अर्ज, इनामाच्या सनदा, मुजावराच्या घरचे कागद. जिल्ह्यात वाडे पडताहेत, वाटण्या होताहेत आणि हे सगळं किलोच्या भावानं रद्दीत जातं आहे. कागद मोडीत असेल आणि वाचता येत नसेल तर तो निरुपयोगी समजू नका. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मोडी कागदांचा मोठा साठा आहे, तिथं तो कामाला येईल. द्यायचा नसेल तर देऊ नका, घरातच ठेवा. फक्त रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक पानाचा, मागच्या कोऱ्या बाजूसकट, एक फोटो काढून ठेवा. तारीख बहुतेक वेळा मागंच असते.